सीटखालच्या तीन रेघा

पुणे, १२ जून २०२३

ति. प्रभुमामांस,
शरणार्थ.

काल फोन केला होता. सिद्धव्वामामीनं उचलून तुमच्या कानाशी धरला. तुम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होतात, आणि तुम्हाला एक अक्षर ऐकू येत नाही हे मला पुण्यात बसून कळत होतं. पंचेचाळीस वर्षं पत्रा ठोकल्यावर कान तरी कुठून राहणार! म्हणून आता पत्रच लिहितो. लहानपणी तुमच्या शेडमध्ये राहून शिकलो, तेव्हा तुम्ही माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचात. बघा सुधारलंय का.

काम असं आहे. तुमच्याजवळच्या कोहिनूर गावच्या जहागीरदारांच्या गोठ्यात एक इंग्लिश स्पोर्ट्‌स कार पडून होती. १९५३ची, दोन सीटांची, उघड्या टपाची. चार लाखांना घेतली. ट्रकने तुमच्याकडे पाठवतो आहे.

जुन्या गाड्यांचा हा धंदा लोकांना चकचकीत वाटतो, पण आतून पोकळ आहे. मुंबईत अशी गाडी उभी करायला पंचवीस-तीस लाख लागतात, आणि विकायला गेलं की गिऱ्हाईक बावीसच्या वर सरकत नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आपल्यात कोंबडी चालत नाही, पण म्हण खरी आहे. हा सगळा मसाला मजुरीत जातो. पत्र्याचं काम हुलसूरला तुमच्या हातून झालं तरच चार पैसे सुटतील. फायद्यात निम्मे तुमचे. इंजिन आणि रंग मी पुण्यात बघतो.

मामींना नमस्कार. आई बरी आहे, तुमची आठवण काढते.

तुमचा लाडका,
शेखू

---

हुलसूर, ३ जुलै २०२३

चि. सोमशेखर यास प्रभुलिंगमामाचे अनेक आशीर्वाद.

गाडी पोचली. गाडी म्हणायची म्हणून म्हणतो. मागच्या बाजूला कोंबड्यांनी घर केलं होतं. म्हशींच्या मुताने तळाचा पत्रा खाऊन टाकलाय, हात घातला तर थेट जमिनीला लागतो. दोन्ही मडगार्ड, दारं, तळ, डिकी हे सगळं नवीन पत्रा कापून हाताने घडवावं लागणार. बोनेट तेवढं वाचेल. नमुन्याला दुसरी गाडी नाही, म्हणून उजव्या मडगार्डचा जो अर्धा तुकडा राहिलाय त्यावरून मी बाकीचा अंदाज घेईन. वर्ष तरी लागेल.

ट्रकबरोबर जहागीरदारांचा नातू आला होता. त्याने ऐंशी हजारांना दिली म्हणून सिद्धव्वाला सांगितलं. तू चार लाख लिहिलंयस. ऐकण्यात चूक माझी होते, पण तिचे कान चांगले आहेत.

असो, पैशाचं तू बघ. मला एकच गोष्ट पाहिजे, ती आधीच सांगून ठेवतो. हैदराबादला बावीस वर्षं मी मालकाच्या पाटीखाली काम केलं. नवाबांच्या गाड्या उभ्या केल्या. बक्षीस मालकाला, पेपरात फोटो मालकाचा, आणि आम्ही पत्र्याची माणसं मागच्या दारानं जेवायला. मी तेव्हा एकच करायचो. काम संपलं की सोमवारी पूजा करून ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्यावर छिन्नीने तीन आडव्या रेघा मारायचो, कपाळावर विभूती लावतो तशा. वर सीट बसली की कुणाला दिसायच्या नाहीत. मला मात्र माहीत असायच्या.

आता म्हातारपणी उघड पाहिजे. गाडी विकताना तू तिचा इतिहास लिहिलेला कागद देतोस ना, त्यात एक ओळ घाल. पत्र्याचं काम, प्रभुलिंग, हुलसूर. एवढ्यासाठी मी ही गाडी घेतो आहे.

तुझा मामा,
प्रभुलिंग

---

पुणे, २० जुलै २०२३

ति. मामांस शरणार्थ.

ऐंशी हजार ही नुसती गाडीची किंमत झाली हो. जुने कागद शोधणं, दलाल, ट्रक, हे कोण धरणार? ते सगळं धरून चार. मामींना सांगा, भाच्याची झडती घ्यायला त्या पोलिसात का गेल्या नाहीत!

इंग्लंडहून सुटे भाग मागवलेत, तेच साडेसहा लाखांचे झाले. माझा हात जरा अडकलाय. सीटचं कातडं आणि क्रोमचं काम तुम्ही हैदराबादच्या ओळखीनं तिकडेच करून घ्या. सध्या तुम्ही घाला, विक्री झाली की दुपटीनं देतो. घरातलंच आहे, परकं थोडंच आहे.

नावाचं बघू. आधी गाडी तर होऊ द्या. बाजारात तुरी आणि आपण कुणाच्या नावाने फोडणी द्यायची ते ठरवत बसलोय.

तुमचा,
शेखू

---

हुलसूर, ९ सप्टेंबर २०२४

चि. सोमशेखर यास आशीर्वाद.

चौदा महिने झाले. तू तीन चिठ्ठ्या पाठवल्यास, तिन्हींत "कधी होणार" एवढंच होतं. आज सांगतो, झाली.

डावं मडगार्ड तीनदा घडवलं. पहिलं बरं झालं होतं, पण उजव्याशेजारी ठेवलं तर दोन सूत फुगीर दिसायला लागलं. कुणाला दिसलं नसतं. मी मोडलं. दुसरं करताना उजव्या हाताच्या करंगळीचं टोक गेलं. तिसरं बसलं. आता माझं मडगार्ड कुठलं आणि कंपनीचा तुकडा कुठला हे मलाही बोटाने चाचपून सांगता येत नाही, आणि तू तर शेडमध्ये वाढलेला असून तुलाही सांगता यायचं नाही. पुट्टी एक चमचा वापरली नाही. सगळं हातोडीचं आहे.

कातडं आणि क्रोम हैदराबादला करून आणलं. एक लाख ऐंशी हजार लागले. सिद्धव्वाच्या पाटल्या मोडल्या. ती पाटल्या काढून देताना काय म्हणाली ते लिहितो, म्हणजे तुला कळेल. मला तिचं बोलणं ओठांवरून समजतं.

"माझ्या माहेरच्या हाईत ह्या. चाकाच्या टोपणाला लावायलाव व्हय?"

मी म्हणालो, "दुप्पट देतो म्हणलाय शेखू."

"तेला लहानपणी भाकर वाढली मी. वाढताना बगायचा, आपली मोठी हाय का बाकीच्यांची. अजून तसाच बगतंय ते."

तिचं मनावर घेऊ नकोस. बायका बोलतात.

आज सोमवार. पहाटे पूजा केली आणि सीटखालच्या पत्र्यावर तीन रेघा मारल्या. तो पत्रा मी स्क्रूवर बसवलाय, कधी काढावा लागला तर सोपं जावं म्हणून. रेघा मारून झाल्यावर गाडीकडे बघून मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. असं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि आता परत होणार नाही.

ट्रक पाठव. आणि ती एक ओळ लिहून तिची नक्कल मला पाठव. चौकट करून शेडमध्ये लावणार आहे.

तुझा मामा,
प्रभुलिंग

---

पुणे, २८ ऑक्टोबर २०२४

ति. मामांस शरणार्थ.

गाडी रंगून तयार आहे. लाल दिलाय. बघणारे थांबून बघतात. तुमच्या हाताला तोड नाही, हे मी कुणासमोरही कबूल करीन.

कुणासमोरही म्हणजे आपल्या आपल्यात. आता नीट वाचा. तुम्ही हुशार आहात, पण बाजार तुम्हाला माहीत नाही. आज पाहणी करणारा एक जाणकार येऊन गेला. त्याने पत्र्यावर टकटक केलं, खालून आरसा धरला, आणि म्हणाला, मूळ कंपनीचाच पत्रा आहे. मामा, त्याला तुमचं मडगार्ड ओळखता आलं नाही! आता हिशेब ऐका. नव्याने घडवलेल्या पत्र्याची गाडी बावीस लाखांना जाते. मूळ पत्र्याची, फक्त रंग दिलेली, चाळीसला जाते. काम इतकं चांगलं झालंय की ते झालंच नाही असं म्हणणं जास्त फायद्याचं आहे. यापेक्षा मोठी शाबासकी तुम्हाला कोण देणार?

तर दोन गोष्टी करा. सोबत शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र टाईप करून पाठवलंय. त्यात असं आहे की ही गाडी १९९७पासून हुलसूरच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती, तुम्ही तिचे रखवालदार होता, धूळ झटकण्यापलीकडे तिला हात लावला नाही, आणि पत्र्याचं काम तुम्हाला येत नाही. बसवकल्याणला नोटरीसमोर सही करा.

दुसरं, सीटखालचा तो पत्रा स्क्रू काढून कुरिअरने पाठवलाय. त्यावरच्या रेघा काढून टाका. इथल्या लोकांनी ग्राइंडर लावला तर खूण राहते, आणि नवा टाकला तर नवा म्हणून ओळखू येतो. तुम्हीच काढा, म्हणजे निघतील.

तुमच्या हिश्श्याला दहा लाख तरी येतील. नाव काय घेऊन बसलात, नाव खायला घालतं का?

तुमचा,
सोमशेखर

---

हुलसूर, ४ नोव्हेंबर २०२४

सोमशेखर,

कागद परत पाठवत आहे. पत्र्याचं काम मला येत नाही असं मी लिहून देणार नाही. दहा लाख नकोत. सिद्धव्वाच्या पाटल्यांचे तेवढे दे आणि गाडी बावीसला वीक. माझ्या नावाने वीक.

माझ्या शेडमध्ये वाढून तू मला हे लिहायला धजलास कसा?

प्रभुलिंग

---

पुणे, ११ नोव्हेंबर २०२४

मामा,

राग समजू शकतो. वय झालं की माणसाला नावाची हाव सुटते, पैशाची सुटत नाही म्हणून ती चांगली वाटते.

आता व्यवहाराचं बोलतो. तुम्ही "माझं शेड" म्हणता. शेडचे पत्रे तुमचे आहेत. खालची जागा आजोबांनी आईच्या नावाने केलेली आहे, आणि आईचं मुखत्यारपत्र गेल्या वर्षीपासून माझ्याकडे आहे. भालकीचा एक फरशीवाला त्या रस्त्यावर जागा शोधतोय. मी त्याला अजून होय म्हटलेलं नाही.

आई हल्ली विसरते. परवा विचारत होती, प्रभू अजून हैदराबादलाच असतो का. तिला मी काय सांगू?

प्रतिज्ञापत्र पुन्हा पाठवतो आहे. पत्रा तुमच्याकडेच आहे. महिनाअखेर मिळावं.

सोमशेखर

---

हुलसूर, २५ नोव्हेंबर २०२४

सोमशेखर यास,

काम झालं.

आधी पत्र्याचं सांगतो. ग्राइंडर लावला नाही. कानशीने उतरवलं, मग मागून हातोडीने उचलून घेतलं, मग पॉलिश कागदाने घासलं. तीन रेघा मारायला मला पाच मिनिटं लागली होती. काढायला दोन दिवस लागले. आता त्या जागेवर जन्मात काही नव्हतं असं दिसतं. तू म्हणालास तसं, माझ्याच हाताने निघाल्या. तू मात्र हे दोन दिवस लक्षात ठेव.

मग बसवकल्याणला गेलो. नोटरीने कागद मोठ्याने वाचला, सिद्धव्वा एकेक वाक्य मला ओठांनी सांगत होती. "पत्र्याचं काम येत न्हाई" इथं ती थांबली आणि तोंड फिरवून बसली. मला काय ते कळलं.

सही करताना मी गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हाताने सही केली. कुणी सांगितलं नव्हतं. नोटरीही म्हणाला, ते ओठांवरून कळलं, "अप्पा, हेची काई गरज न्हाई." पण गरज होती. लिंग हातात घेऊन आमच्या घरात आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. माझ्या बापाने एकदा अशी शपथ घेऊन विडी सोडली ती मरेपर्यंत ओढली नाही. मी खोट्यावर सही करणार होतो. म्हणून सही करतानाच ठरवलं, की हे खोटं राहू द्यायचं नाही. आजपासून मी रखवालदार. पत्र्याचं काम मला येत नाही.

घरी येताना भंगारवाल्याला निरोप दिला. हातोड्या, पत्र्यामागे धरायच्या डॉल्या, छिन्न्या, कात्र्या सगळं मिळून चौऱ्याहत्तर किलो भरलं. त्यात हैदराबादच्या उस्तादांनी मला दिलेली बोथट हातोडी होती. भंगारवाल्याने तीही वजनात धरली. आमच्यात कायक म्हणजे पूजा, काम हाच देव. मी देव किलोवर विकला. बत्तीस रुपये भाव आला.

कागद आणि पत्रा सोबत आहे. जागा विकू नकोस.

प्रभुलिंग

---

पुणे, १८ फेब्रुवारी २०२५

परमपूज्य प्रभुमामांस साष्टांग शरणार्थ.

मामा, हे पत्र हातात पडताच दोनदा वाचा. मामींनाही वाचून दाखवा.

गाडी बघायला बंगळुरूहून अरुणकुमार म्हणून एक गृहस्थ आले होते. मोठा संग्रह आहे त्यांचा, आणि माणूस शब्दाचा. आल्या आल्या त्यांनी रंग पाहिला नाही, इंजिन पाहिलं नाही. मडगार्डच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, मग ड्रायव्हरची सीट काढायला लावली आणि टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, "इथे तीन रेघा होत्या का?"

 त्यांच्याकडे हैदराबादहून घेतलेल्या दोन गाड्या आहेत, दोन्हींच्या सीटखाली त्या रेघा आहेत. आठ वर्षं ते त्या माणसाला शोधताहेत. हैदराबादच्या कारखान्याचा मालक गेला, त्याच्या मुलांना मजुरांची नावं माहीत नाहीत. ते म्हणाले, "मूळ पत्रा मिळतो हो, पैसे टाकले की इंग्लंडमध्ये मिळतो. हा हात मिळत नाही. ही गाडी त्यांची असेल तर साठ लाख देतो." साठ! आणि त्यांच्याकडच्या अकरा गाड्यांचं काम, महिन्याला दोन लाख, राहायला घर, वर तुमच्या हाताखाली शिकायला माणसं.

मी म्हणालो, होय, माझ्या मामांनीच केली. त्यांनी तुमचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. रखवालदार, पत्र्याचं काम येत नाही. ते मीच फाईलला लावलं होतं. म्हणाले, "एक तर तुम्ही तेव्हा खोटं बोललात किंवा आता बोलताय." आता ते सोळा लाख म्हणताहेत, तेही कुणीतरी त्या हाताची नक्कल केलीय असं धरून. माझा खर्चच एकोणीस झालाय. आणि मूळ पत्र्याचं मी खोटं सांगितलं हे बाजारात पसरलंय, दुसरं गिऱ्हाईक फोन उचलत नाही.

पण त्यांनी एक संधी दिलीय. रविवारी, २ मार्चला, ते स्वतः हुलसूरला येणार आहेत. त्या माणसाच्या तोंडून ऐकलं तर विश्वास ठेवीन म्हणाले. तुम्ही फक्त "मीच" म्हणा. कुठून तरी हातोडी आणा आणि त्यांच्यासमोर हातभर पत्रा ठोकून दाखवा. सीटखालचा पत्राही कुरिअरने पाठवतो आहे, त्यावर पुन्हा रेघा मारून ठेवा. जागेचं मुखत्यारपत्र मी रद्द करतो, जागा तुमच्या नावाने करतो. कागदात नाव घालतो. मोठ्या अक्षरात घालतो, पितळी पट्टीवर कोरून घालतो.

त्या शपथेचं मनाला लावून घेऊ नका. दबावाखाली घेतलेली शपथ देवही धरत नाही. मठात जाऊन स्वामींना विचारा, काहीतरी प्रायश्चित्त असेलच. खर्च मी करतो.

माझं चुकलं. लेकरू समजून पोटात घाला.

तुमचाच,
शेखू

---

हुलसूर, १० मार्च २०२५

श्री. सोमशेखर यांस,

अरुणकुमार आले होते. भला माणूस आहे. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यांनी फोनवर मोठ्या अक्षरांत कन्नडमध्ये लिहून दाखवलं. शेडमध्ये बसायला खुर्ची नव्हती, उलट्या बादलीवर बसले.

आधी त्यांनी एक फोटो दाखवला. हिरवी गाडी, लांब नाकाची. ती मी ९४ साली केली होती. तिच्या डाव्या दाराखाली मला एक वळण जमत नव्हतं, आणि उस्तादांनी मला उपाशी बसवून ते करून घेतलं होतं. फोटोत ते वळण दिसत होतं. दुसऱ्या फोटोत सीटखालच्या तीन रेघा होत्या. मधली जरा वाकडी. त्या दिवशी मला ताप होता.

मग त्यांनी लिहिलं, "हे तुम्हीच ना?"

सोमशेखर, पंचेचाळीस वर्षं मी हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघितली. तुझ्यापाशी तर मी तो भीक मागितल्यासारखा मागितला. तो विचारायला माणूस चारशे मैलांवरून आला आणि बादलीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. शब्द ओठापर्यंत आला होता. मी तो गिळला.

मी म्हणालो, "मी रखवालदार हाय. पत्र्याचं मला कळत न्हाई. पर हात चांगला हाय कुणाचा तरी."

सिद्धव्वा दारात उभी होती. ती धावत आली आणि त्यांच्यासमोर माझा दंड धरून हलवायला लागली.

"पाटल्या गेल्या, हातोड्या गेल्या, आता नाव दारात आलंय तर तेबी कामून हाकलायलाव? बोला की! हेनीच केलंय ओ साहेब, हेनीच!"

मी तिला म्हणालो, "लिंग हातात होतं माझ्या. तू बगितलीस."

ती खाली बसली. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, करंगळीचं तुटलेलं टोक बघितलं, तळहातावरचे घट्टे बघितले. त्यांना सगळं कळलं असावं. पण ते माझ्या तोंडून ऐकायला आले होते आणि माझ्या तोंडात ते आता नाही. जाताना त्यांनी फोनवर लिहिलं, "तुमचा नाइलाज मला समजत नाही, पण तुमच्याशी मी जबरदस्ती करणार नाही." आणि नमस्कार करून गेले. त्यांना माझ्या नावाची गाडी पाहिजे होती, आणि मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं. याचं मला फार वाईट वाटलं.

तुला बुडवायचं म्हणून मी गप्प बसलो असं तू म्हणशील. शपथेसाठी बसलो. पण खोटं का बोलू, तू बुडालास याचा आनंदही झाला. दोन दिवस तो पुरला. मग कळलं, की सिद्धव्वा माझ्याशी बोलत नाही. मला ऐकू येत नसल्यामुळे ते आधी लक्षातच आलं नव्हतं. तिचे ओठ हलत नाहीत. दोन लाख महिना, राहायला घर, माहेरच्या पाटल्या, हे सगळं तिचंही होतं, आणि मी तिला न विचारता ते माझ्या एका शपथेवर ओवाळून टाकलं. तू माझ्याशी जसा वागलास तसाच मी तिच्याशी वागलो. फरक एवढाच की माझ्या हातात लिंग होतं.

मठात गेलो नाही. प्रायश्चित्त मिळालं असतं, तर मला घ्यावं लागलं असतं.

आता व्यवहाराचं. तू पाठवलेला पत्रा सोबत परत करतो आहे. त्यावर रेघा नाहीत. पाहिजे तर तूच मार, छिन्नी पन्नास रुपयांना मिळते. अरुणकुमार वाकड्या रेघा ओळखतात, एवढं ध्यानात ठेव.

शेड रिकामं केलं आहे. चावी पाकिटात आहे. फरशीवाल्याला दे.

पाटल्यांचे एक लाख ऐंशी हजार मी मागत नाही. रखवालदार दुसऱ्याच्या गाडीला कातडं आणि क्रोम कशाला लावील? तुझ्या कागदाप्रमाणे ते घडलेलंच नाही. पण तुझ्या कागदाप्रमाणे मी रखवाली केलेली आहे. कागदात ९७ सालापासून आहे, तरी मी तेवढं ओढत नाही. गाडी इथे खरोखर होती ते चौदा महिने धरतो. आमच्याकडे रखवालदाराला महिना सहा हजार मिळतात. चौऱ्याऐंशी हजार होतात. तू ती गाडी जितक्याला घेतलीस त्याहून चार हजार जास्त.

तेवढे सिद्धव्वाच्या नावाने पाठव.

प्रभुलिंग
रखवालदार